कमरेपर्यंतचा चुना

"दारान पानी? आमच्या? कदी नाय!" शेवंताबाईने ठासून सांगितलं आणि पाहुण्यांच्या बशीत आणखी दोन लाडू टाकले.

दिनानाथ फॉर्म घेऊन दारातच उभा होता. कोणत्या गावाला पुराचा धोका किती, हे घरोघर विचारून लिहायला कचेरीने त्याला पाठवलं होतं. नावड्यापलीकडच्या या खाडीकाठच्या गावातलं हे एकोणिसावं घर. आधीच्या अठरा घरांनी हेच उत्तर दिलं होतं. अठराही घरांच्या भिंतींना नवा चुना होता, तोही फक्त कमरेपर्यंत. लबाडी करायची तर माणसाने निदान आढ्यापर्यंत तरी करावी!

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. शहाण्णवची दिवाळी सरली होती, लग्नसराई तोंडावर होती. पाण्याच्या गावात लेक कोण देणार? म्हणून पूर ओसरला की भिंतीवरची खूण चुन्याखाली घालायची, ही इथली जुनी रीत. अलीकडे आसपास भराव पडत होते आणि चुना दरवर्षी वीतभर वर चढत होता.

शेवंताबाईच्या कान्हाला चौतिसावं लागलं होतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर त्याची बरी नोकरी होती, तरी तीन स्थळं मोडली होती. आज चौथं आलं होतं. मुलीचा बाप कोंडिबा चार माणसं घेऊन घर बघायला आला होता. कान्हा कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता.

दिनानाथने शेवंताबाईला मागच्या पडवीत बोलावलं. "मावशी, खरं सांगा. निम्म्या घरांनी पाणी येतं म्हटलं, तरच बांध उंच होईल. नाहीतर तुमचं गाव यादीतून गेलंच समजा."

तिचे डोळे भरून आले. "बांद व्हईल तवा व्हईल, बाला. ही मानसा आताच उठून जातील."

आणि 'पाणी येत नाही' कुठे लिहिलंय ते विचारून तिने स्वतःच शाईत अंगठा बुडवून त्यासमोर उठवला. दिनानाथला तिची दया आली. त्याच्याही घरी बिनलग्नाचा भाऊ होता. एका घराने काय आभाळ कोसळणार आहे, असं म्हणत त्याने खाली सही ठोकली. वर पुण्याचं काम केल्यासारखं त्याला वाटलं.

तो गावाबाहेर पडतो न पडतो तोच मागून कोंडिबा धापा टाकत आला.

"सायेब, मना वाचता येत नाय. त्या घरचा काय लिवलाय, तेवरा वाचून दाखवा."

दिनानाथ घुटमळला. फॉर्म उघडून त्याने वाचलं, "पाणी येत नाही."

"सरकारी कागद हाय ना?"

"हो."

कोंडिबाने दोन्ही हात जोडले. त्याचा चेहरा एकदम सैल पडला.

"मंग आजच सुपारी फोरतो. थोरलीच्या टायमाला चुकलो, सायेब. पयल्याच पुरान बुडाली माजी पोर. तिची सासूपन असाच बोलली व्हती, दारान पानी कदी येत नाय. पन तवा इचारायला तुमच्यासारका सरकारी मानूस नव्हता."