कुंताबाईच्या रेघा

कंपवात जडल्यापासून कोंढ्याच्या गोमाजीचे पाय घरात जागीच खिळायचे, पण धानाच्या बांधीतले धुरे, शेतातले ते मातीचे आडवे बांध, तो सहज ओलांडायचा. गाव म्हणायचं, "म्हातारा सोंग करते." त्याची बायको कुंताबाई मात्र पाहत राहिली आणि एकदा तिनं अंगणात चुन्याच्या आडव्या रेघा ओढून म्हटलं, "हे धुरेच समजा अन् या ओलांडत." गोमाजी न अडखळता आला. कंपवातावर संशोधन करणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी हे ऐकून दोघांना डॉक्टरांच्या परिषदेत बोलावलं. मंचावर गोमाजी मधेच थिजला. खडू घेऊन, पदर खोचून कुंताबाई रेघा ओढत मागेमागे सरकत गेली. तो एकेक रेघ ओलांडत तिच्यापाशी पोहोचला. टाळ्या थांबल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कोणी शिकवलं?" "कोन शिकवन?" ती गोमाजीकडे हात करत ताठ मानेनं म्हणाली. "चाळीस वर्सं मी यायच्या मांगून चालली. यायचे पाय माह्याएवढे कोनं पाह्यले?"