मिसर देशाचा रुमाल

सुपारी ताटात ठेवलेली होती आणि रंगनाथाने अडकित्ता हाती घेतला होता, इतक्यात टपालवाला ओसरीपाशी येऊन उभा राहिला. त्याने आणलेले पुडके जाड कापडात शिवलेले असून त्यावर पलटणीचा शिक्का होता. ज्याच्या लग्नाची बोलणी चालली होती, त्या गहिनीनाथानेच ते मिसर देशाहून धाडले होते.

"बघा पाव्हणं," गहिनीनाथाचा बाप रंगनाथ म्हणाला, "नवरदेव सोता बोलनीला हजर झाला."

पुडक्यात एक पत्र व एक रुमाल निघाला. रंगनाथास अक्षरओळख नव्हती, म्हणून पत्र मुलीच्या बापाने, खर्ड्याच्या बन्सीने वाचावे असे ठरले. बन्सीची थोरली बहीण आक्काबाई भिंतीशी घोंगडीवर बसली होती. मुलीला, लंकाला, आई नव्हती. या कार्यात अखेरचा शब्द आक्काबाईचा, हे उभय घरांस ठाऊक होते. रुमाल गहिनीनाथाच्या आईच्या, राहीबाईच्या, हाती गेला.

बन्सी एकेक शब्द सुटा करून वाचू लागला. "तीर्थरूप दादा व आई यांस शिरसाष्टांग दंडवत. मी येथे खुशाल आहे. कैरो शहर पाहिले. नदीत नावेतून फिरलो. दगडांचे तीन डोंगर पाहिले, ते माणसांनी रचलेले आहेत. सध्या आम्हांस विश्रांतीसाठी एका मोठ्या बंगल्यात ठेविले आहे. तेथे एक गोरी बाई शिपायांस भरतकाम शिकविते. जे पाहिले, ते रुमालावर काढून पाठवीत आहे. पत्र मित्राच्या हातून लिहविले आहे. काळजी नसावी."

"लढाईवर गेलाय का शिंप्याकडं?" बन्सी हसला. मग त्याने पत्राची शेवटची ओळ पुन्हा मनाशी वाचली आणि त्याचे हसणे ओसरले. "रंगनाथराव, पोरगा चौथी शिकलाय म्हनला व्हता न्हवं?"

"शिकलाय की."

"मग मित्राच्या हातून कशापायी?"

"येळ गावला नसंल."

"रुमाल भरायला येळ हाय, आन चार वळी लिव्हायला न्हाई?"

रंगनाथाचा चेहरा लाल झाला. जुनी पत्रे दाखवून पाहुण्यांचा संशय फेडावा, या निश्चयाने तो उठला व आतल्या खोलीतील ट्रंक उघडून शोधू लागला.

राहीबाईचे या वादाकडे लक्ष नव्हते. तिने रुमाल मांडीवर पसरला होता. त्यावर तीन त्रिकोणी डोंगर होते, एक उंट होता, शिडाची एक नाव होती. काम नवशिक्याचे होते; धाग्यांच्या गाठी त्याने वरच राहू दिल्या होत्या. राहीबाईचा जन्म गोधड्या शिवण्यात गेला होता. सुई उजवीकडून निघते आणि डावीकडे जाते, हे तिला कोणी शिकविले होते असेही नव्हे. परंतु येथे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीची गाठ डाव्या टोकास होती.

तिने उजव्या हाताची चिमूट, जणू सुई धरली आहे अशी, उंटाच्या पाठीवरून नेऊन पाहिली. हात टाक्यांच्या उलट जाऊ लागला. तिने नावेवरून नेऊन पाहिली. तेथेही तेच. मग तिने डाव्या हाताची चिमूट केली, आणि तो हात ओळीच्या शेवटापर्यंत सरळ गेला.

हे काम उजव्या हाताचे नव्हते. ज्या हातात तिने त्याला पहिला घास धरावयास शिकविले, त्या हाताचे नव्हते. तिची बोटे नावेच्या शिडावर तशीच थांबली.

रंगनाथ परत आला व त्याने जुनी पत्रे बन्सीपुढे मांडली. बन्सीने चार-पाच पत्रे उलटसुलट करून पाहिली, सह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि कानाची पाळी धरली.

"माझं चुकलं, रंगनाथराव. अक्षर मोत्यावानी हाय. फोडा सुपारी."

रंगनाथाने सुपारी अडकित्त्यात धरली.

"जरा दम धरा," आक्काबाई म्हणाली. पत्रांकडे तिने पाहिले नव्हते. इतका वेळ ती राहीबाईच्या हातांकडे पाहत होती. "राहीबाई, तुमचा पोरगा डावखुरा हाय का?"

रंगनाथ हसून काही बोलणार, तोच आक्काबाईने त्याच्याकडे तळहात केला. "तुमी थांबा. मी त्यान्ला इचारलं."

उत्तर सोपे होते. होय म्हटले की संपले. रानात त्याने कोणत्या हाताने कुऱ्हाड धरली, हे खर्ड्याहून कोणी पाहावयास आले नव्हते. सुपारी फुटली असती. आणि एकदा फुटलेली सुपारी या लोकांत कोणी मोडीत नसे. एवढ्याशा प्रश्नाला बायको इतका वेळ का लावते, हे न कळून रंगनाथ तिच्याकडे पाहू लागला.

"न्हाई," राहीबाई म्हणाली. "डावखुरा न्हाई."

"मंग काय झालं?" बन्सीने विचारले.

रंगनाथाने बायकोचे मुख पाहिले. अडकित्ता खाली ठेवून त्याने नवे पत्र उचलले, आणि वाचता येत नसताही तो त्यावरील अक्षरे एकाग्रपणे पाहत बसला.

आक्काबाई उठली. राहीबाईच्या मांडीवरून रुमाल उचलून तिने तो उजेडाकडे धरला व एकेक ओळ डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग त्याची नीट घडी करून तिने ती कमरेला खोचली आणि ओसरीची पायरी उतरली.

"आक्का, रुमाल कुठं चालवलास?"

"लंकाकडं," ती मागे न वळता म्हणाली. "तिला शिवन कळतं. तिची ती बघंल."