कायमचं घर

शेखरचं एक घर टोरांटोला, एक फ्लॅट नाशिकच्या गंगापूर रोडला. आपल्यामागं बायकोपोरांची दोन देशांत फरफट नको, म्हणून सुट्टीवर आला तसा तो मृत्युपत्र करायला वकिलांकडे गेला. सोबत आई, चांगुणाबाई. लेकाच्या तोंडी मरणाची भाषा त्यांना काही रुचत नव्हती.

वकील मॅडम म्हणाल्या, “मालमत्ता दोन देशांत असली की कायदा आधी एकच विचारतो. तुमचं कायमचं घर कुठलं? माणूस शेवटी जिथं परत जातो, ते.”

“नाशिक! त्यात विचारायचं काय?” शेखर म्हणाला.

चांगुणाबाईंचा जीव सुपाएवढा झाला. इतकी वर्षं त्या हेच ऐकायला थांबल्या होत्या.

मॅडमनी ‘नाशिक’ टाइप केलं. “कच्चा मसुदा उद्या देते. वाचून घ्या.”

“उद्या विमान आहे हो माझं. मेल करा ना. घरी पोचलो की निवांत वाचतो.”

मॅडमची बोटं कीबोर्डवर थांबली. शेखरच्या मात्र काही लक्षात आलं नाही.

“ते नाशिक खोडा, ताई,” चांगुणाबाई हळूच म्हणाल्या. “मृत्युपत्रात खोटं नको.”

आता शेखर ओशाळला. “अगं आई, सवयीनं गेलं तोंडातून.”

“तेच तर म्हणतेय मी.”

त्या हसल्या, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या, आणि मागं वळून लेकाला म्हणाल्या, “चला पाव्हणं, मिसळ खाऊन जावा.”