नवरा गेला टेक्सासला

‘टेक्सास’ हा शब्द आला आणि लोकांनी टोप्या उडवल्या. अख्ख्या फ्रेंच गाण्यात त्यांना कळणारा तेवढा एकच शब्द होता, त्यामुळे त्याचा मान ठेवणं त्यांना भागच होतं.

अकॉर्डियनचा भाता ओढता ओढता म्हाताऱ्या अल्सीदने सवयीने हसून मान डोलावली. तेवढ्यात ओकच्या झाडाखाली, दुसऱ्या रांगेत, घडीच्या खुर्चीवर बसलेली आझेली त्याला दिसली.

गाण्यातली आझेली. खरीखुरी. हातात कागदी पंखा.

त्याचं बोट भलत्याच बटणावर पडलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. लुइझियानातल्या मेळ्यांना हल्ली येणारे लोक तसे फार दिलदार असत.

गाणं साधंच होतं. लग्नाच्या दिवशी आझेलीचा नवरा टेक्सासला पळाला, पाहुणे उपाशी उठले, तिच्या आईने शिजवलेल्या कोंबड्या डुकरांनी खाल्ल्या आणि खाऊन नवरीला आशीर्वाद दिला. शेवटच्या कडव्यात, आता हिला कोण करून घेणार, असा सवाल. अल्सीदने ते विशीत रचलं आणि आसपासच्या सगळ्या नाचघरांत गाजवलं. मग आझेलीची आई चर्चच्या पायरीवर त्याचा हात धरून रडली, तेव्हा त्याने पुन्हा न गाण्याचा शब्द दिला. तो पाळलाही, फ्रेंच बोलणारी, गाणं समजणारी माणसं होती तोवर. पुढे ती एकेक करून गेली आणि इंग्रजी बोलणारे मोटारी भरभरून येऊ लागले. त्यांना चाल हवी होती. चालीत कुणाची काय बदनामी, असं अल्सीदने स्वतःला विचारलं आणि स्वतःच उत्तर देऊन टाकलं.

गाणं संपताच एक मुलगी उड्या मारत मंचापाशी आली. तिच्या शर्टावर मोठ्या अक्षरांत ‘ए आझेली’ हे गाण्याचे पहिले शब्द छापले होते. असे शर्ट सॉसेजच्या टपरीशेजारी मिळत.

“आजोबा, जरा खाली या ना! मी शेल्बी. माझ्या आजीचं नावसुद्धा आझेलीच आहे! गाणं ऐकवायला मुद्दाम घेऊन आलेय तिला. सांगितलंच नव्हतं कुठे नेतेय ते.”

अल्सीद टोपी काढून खाली उतरला.

“काय रे अल्सीद,” आझेली फ्रेंचमध्ये म्हणाली, “त्या कोंबड्या अजून संपल्या नाहीत होय?”

“काय म्हणाली आजी?” शेल्बीने विचारलं.

“माझ्या तब्येतीची चौकशी करतेय.”

“आणि गाण्याचा अर्थ काय हो? आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, कळत कुणालाच नाही. आजीने आईलासुद्धा कधी फ्रेंच शिकवलं नाही.”

“शाळेत फ्रेंच बोलली असती तर मार खाल्ला असता तिने,” आझेली इंग्रजीत म्हणाली. “मी खाल्ला होता. ह्यानेही खाल्लाय, विचार.” मग पंखा थांबवून म्हणाली, “सांग की रे, अल्सीद. अर्थ विचारतेय ती.”

अल्सीदच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हातातली टोपी त्याने एकदा पूर्ण फिरवली.

“एक मुलगी असते,” तो म्हणाला. “नाचाला येते. आणि… इतकी देखणी असते, की व्हायोलिनवाला वाजवायचाच थांबतो.”

“अगंबाई, आजी!” शेल्बीने आजीच्या गळ्यात हात टाकले.

नातीच्या खांद्यावरून आझेली अल्सीदकडे बघत राहिली. “छान रचतोस,” ती फ्रेंचमध्ये म्हणाली. “तेव्हा नाही सुचलं?”

त्याने टोपी डोक्यावर चढवली. मागे लोक पाय आपटत होते. त्यांना तेच गाणं पुन्हा हवं होतं.

“शब्द बदलून म्हणतोय,” मंचावर चढल्यावर तो व्हायोलिनवाल्या लेओन्सला म्हणाला.

“बदला की. कळणार कुणाला?”

“आहे एक बाई.”

त्याने डोळे मिटून सुरुवात केली. ए आझेली, तू आलीस आणि व्हायोलिन थांबलं. एवढी एक ओळ त्याच्या वाट्याला आली. पुढचं गाणं लोकांनी हातात घेतलं. त्यांनी ते मोटारीत, स्वयंपाक करताना, पोरांना झोपवताना हजारदा ऐकलं होतं. अर्थ माहीत नसल्यामुळे एकही शब्द निसटला नव्हता. सगळ्या मैदानाने मोठ्या प्रेमाने कोंबड्या शिजवल्या, डुकरांना वाढल्या. अल्सीद नव्या ओळी ओरडून म्हणू लागला, पण त्या त्याच्या त्यालाही ऐकू येईनात.

मग त्याने भाता मिटला आणि दोन्ही हात वर करून लोकांना थांबायची खूण केली.

लोकांना वाटलं, म्हातारा आपल्याला गायला सांगतोय. ते आणखी चेकाळले, टाळ्यांवर ठेका धरला. टेक्सास आलं. टोप्या उडाल्या.

शेवटच्या कडव्यात मात्र शेल्बी अडखळली. ते जरा अवघड होतं. ती हसत हसत आजीकडे वळली.

आझेलीने एकदा मंचाकडे पाहिलं. मग पंखा आडवा धरला, नातीच्या कानाशी वाकली आणि तिला पुढचा शब्द सांगितला.