शंभर टक्के भाऊ

अमरावतीच्या प्रीतमने मोबाइलमधल्या संसाराच्या खेळात अकोल्याचा धाकटा भाऊ अनुप हुबेहूब उभा केला होता. खऱ्या अनुपशी प्लॉटच्या वादापासून नऊ वर्षं अबोला. खेळात मात्र रोज त्याच्या घरी जाऊन ख्यालीखुशाली विचारली, की नात्याची हिरवी पट्टी वाढायची.

आज ती शंभर टक्के भरली.

"नातं असं कमवा लागते," तो बायकोला ऐटीत म्हणाला.

"मंग खऱ्याले फोन लावा ना," माधवी म्हणाली.

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. अनुपचा. तिने स्पीकर लावला. प्रीतमची छाती फुगली.

"वहिनी, दादा रोज घरी येते, बरं वाटते," अनुप हळूच म्हणाला. "पण जेवत काहून नाही? आताबी ताट वाढलं, तर समोर बसून नुसता हासून राहिला."