फाटकावरची झडती

फाटक बंद होतं आणि फाटकासमोर कामवाल्या बाया बसल्या होत्या. तेलीबांध्याच्या त्या सोसायटीतल्या झाडून साऱ्या.

मीराने गाडीची काच खाली केली. मागच्या सीटवर तिची लेक श्रावणी तापाने फणफणली होती, तिला समता कॉलनीतल्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. "दयाराम, गेट खोलो," ती वॉचमनला म्हणाली. रोज सलाम ठोकणाऱ्या दयारामने आज आधी भीमाबाईकडे पाहिलं.

भीमाबाई मीराच्याच घरी कामाला होती. बाहेर पडताना बायांनी पिशवी दाखवायची, हा सोसायटीचा नियमच. पण काल मीराचं कानातलं सापडेना, तेव्हा तिने इथेच भीमाबाईची पिशवी जमिनीवर पालथी करवली. तेवढ्यानेही समाधान झालं नाही म्हणून सगळ्यांदेखत पदर झटकायला लावला. कानातलं आज सकाळी सापडलं, मीराच्याच पर्सच्या आतल्या कप्प्यात. ती कोणाला काही बोलली नाही. पर्स आत्ता तिच्या मांडीवर होती.

भीमाबाई उठून खिडकीशी आली. "गाडी जाऊ देऊ. पण आजपासून बाहेर जाणाऱ्या सगळ्याइचीच झडती हाये. पर्स उघडा, दीदी."

"अहो भीमाबाई, पोरीला ताप आहे हो." रोज अगं-तुगं करणारी मीरा आज अहो-जाहोवर आली होती.

"मले मालूम हाये. काल गोळी मीनंच देली."

मीराने नवऱ्याला फोन लावला. नीलकंठ म्हणाला, पोलिसांना कळवतो, तू आधी काच चढव. पण काच चढवायचा तिला धीरच होईना. मागे गाड्यांची रांग लागली होती. एरवी क्षणभर दम न धरणारी माणसं, पण आज कोणी हॉर्नसुद्धा वाजवत नव्हतं. श्रावणी कण्हली. मीराने पर्स उघडली.

"तो आतला कप्पाबी."

चेन अडकली, तिने ती ओढून उघडली. भीमाबाईने हात लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं. कानातलं तिला दिसलं. आता ही ओरडेल, शिव्या घालेल, मीराला वाटलं. तिने ओरडावंच, असंही वाटलं. भीमाबाईने मागे वळून पाहिलं. मागे बसलेल्या बाया एकेक करून उठून उभ्या राहिल्या.

"आता खाली उतरा," भीमाबाई हळूच म्हणाली. "ओढणी झटका."