प्रार्थना संपेपर्यंत

“तिसऱ्यांदा इलात बाई,” बस्त्याव जाळ्यातून मान वर न करता म्हणाला. “पाय दुखले आसतले. बसा.”

जानकीबाई घरापुढच्या खळ्यातल्या बाकावर बसल्या. चढण चढून दम लागला होता. त्यांनी पिशवीतून सर्वेक्षणाचा कागद काढून मांडीवर ठेवला. वाडीतल्या शाळाबाह्य मुलांच्या दोन हजार सहा सालच्या त्या यादीत एकच नाव होतं. जोविटा फर्नांडिस, वय सात. येत्या मे महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या शाळेचं एकही मूल घरी राहिलं नव्हतं. रापणीचं जाळं ओढायला गेलेली पोरं त्यांनी किनाऱ्यावरून कान धरून वर्गात आणली होती. हे एकच नाव राहून जाणार, या विचारानं त्यांना रात्री झोप लागत नव्हती.

वाडीत किरिस्तांवांचं हे एकच घर. बस्त्यावची बायको फिलू पायरीवर बसून सोडे निवडत होती. तिच्यासमोर जोविटा सातचा पाढा म्हणत होती. पाढा कुठे चुकला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. पण पोर सात दाहे सत्तरपर्यंत न अडखळता गेली आणि तिनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली.

गावात बोलणी चालली होती. “आमची पोरां काय त्यांका बाटयतली?” असं गोदूबाई दारोदार मासे विकता विकता विचारायची. बाईंनी ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं.

“बस्त्याव, तू गेल्या खेपेला जे सांगितलंस तेच कागदावर लिहू का?”

“लिवा. शाळेबद्दल माजा कायएक म्हणणा नाय, बाई. पण पोरग्याक आधी देव कळूक होयो, मगे बाराखडी. आमच्याकडे सकाळी पयला देवाचा मागणा, मगे पुस्तक. दहावीक सतरा नंबरचो फॉर्म भरून बसयतलंव.”

“अरे, तुझा देव मी काय काढून घेणार आहे? त्याला सांभाळणारे तुम्ही घरात आहातच.”

बस्त्याव हसला. पण नाही म्हणजे नाहीच, हे त्या हसण्यात होतं. फिलू सोडे निवडत होती. मागच्या दोन्ही वेळी तिनं अशीच मान खाली घालून काम केलं होतं.

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. त्या फार थकल्या होत्या. एकच गोष्ट सांगायची उरली होती, आणि ती त्यांनी फिलूसाठी राखून ठेवली होती. फिलू त्यांची विद्यार्थिनी. पहिली ते चौथी त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

“फिलू, तुमची अडचण आमच्या प्रार्थनेची आहे ना? मग तुझी पोर ती म्हणणार नाही. आम्ही हात जोडू तेव्हा ती बाहेर ओसरीवर उभी राहील. प्रार्थना संपली की आत येईल. तुला आठवत असेल, तुलाही मी कधी सक्ती केली नाही. दुसऱ्याच्या मुलीवर आपला देव लादायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. कुणी मला सांगितलं नव्हतं गो. माझं मीच.”

फिलूचे हात थांबले.

“जोविटा, कोंबड्यांका तांदूळ घालून ये,” ती म्हणाली. पोर घरामागे गेल्यावर तिनं बाईंकडे पाहिलं. “तुम्ही माका भायर उभी करीत होतात, ता प्रार्थनेखातर होता?”

“मग कशासाठी?”

“माका कोणी सांगलाच नाय.”

बस्त्यावनं जाळं खाली ठेवलं. ही गोष्ट त्यालाही नवी होती.

“पयल्याच आठवड्यात माज्या हातातसून वर्गातल्या सुगंधाची पाटी फुटली,” फिलू सांगू लागली. तिच्या आवाजात राग नव्हता. “दुसऱ्या दिसापासून तुम्ही माका भायर उभी केलात. गृहपाठ नाय केल्लो की पोरांका पण तुम्ही थयच उभी करीत होतात. त्यांका एक दिस. माका रोज. म्हटलं, पाटी मोठ्या मोलाची आसतली.”

“अगो, विचारायचं नाही का?”

“सात वर्सांचा पोर बाईंका काय इचारतला?”

कागद बाईंच्या मांडीवरून घसरला आणि तो उचलायचंही त्यांना भान राहिलं नाही.

“बस्त्यावाचा कारण खरा आसा. माजा येगळा,” फिलू म्हणाली. “मी तिका धाडूचंय नाय, बाई. तुम्ही वाईट म्हणान नाय. तुम्ही बऱ्या, म्हणानच भ्या वाटता.”

सुपातले सोडे तिनं उगाच सारखे केले.

“तिसरीत आसताना माजो पयलो कुमसार झालो. पाद्रीबाबासमोर गुडघे टेकून आपली पापां सांगूची आसतत. मी एकच सांगलंय, पाटी फुटली. तो म्हणालो, जा बाय, देवान माफ केल्यान. मी धावत घराक इलंय. सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत गेलंय.”

“मग?”

“तुम्ही माका भायरच उभी केलात. तेवाच माका कळला, देवाचा शाळेत काय चलना नाय.”